मुळापासून बरं झालेलं लग्न

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत मला सगळे ‘कडक आजी’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला ऐकू येतं. कान अजून चांगले आहेत देवदयेनं. आणि म्हणतात ते काही खोटं नाही. मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली मोठी उपासना; तिच्या आदल्या दिवशी रात्रीचं जेवण झालं की मी सकाळी ख्रिस्तप्रसाद घेईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. आता तासाभराचाच उपास पुरतो, पाणी-औषध तर कधीही चालतं, हे आमच्या फादरांनी मला दहादा समजावलं. पण आईनं जसं शिकवलं तसंच मला जमतं, त्याला मी तरी काय करू? प्रसाद मी गुडघे टेकून जिभेवरच घेते. शुक्रवारी घरात मटण-मासळी शिजत नाही. वेदीवरची कापडं धुवायचं काम तीस वर्षांपासून माझ्याकडं आहे, आणि त्यांचं पहिलं पाणी मी मोरीत जाऊ देत नाही, जास्वंदीच्या आळ्यात ओतते. त्या कापडाला प्रभूच्या शरीराचा कण लागलेला असू शकतो म्हणून. हे सारं मी काही शाळेत शिकले नाही. शाळा माझी चौथीतच सुटली. धर्माच्या प्रश्नोत्तरांचं जुनं पुस्तक बोट ठेवून वाचता वाचता मला वाचता यायला लागलं, आणि जे वाचलं ते पाळायचं, एवढंच मला कळत होतं.

मागं एकदा रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका कॉलेजच्या मुलीनं मला विचारलं, “आजी, इतकं जुन्या चालीचं धरून बसायचं म्हणजे माणूस ताठर होत नाही का?” मी म्हणाले, “बाई, तुझा कणा ताठ हाय म्हणून तू बाकावर बसून राह्यलीस, न्हाई तर घरंगळली असतीस.” सगळे हसले. पोरगी बिचारी लाजली. मला वाटलं, बरी गप्प केली. आज त्या पोरीची माफी मागावीशी वाटते. तिनं विचारलेलं खरं होतं, फक्त त्याचं उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते मला कसं मिळालं, ते सांगते. मी काही फार शिकलेली नाही, मागचं-पुढं झालं तर सांभाळून घ्या.

अंतोन माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सोळाची. ‘नमो मरिये’ ही प्रार्थना मीच त्याच्याकडून पाठ करून घेतली. पहिल्यांदा प्रसाद घेतला त्या दिवशीचा पांढरा सदरा मी हातानं शिवला. जीभ कशी पुढं करायची, डोळे कसे मिटायचे, सगळं मीच शिकवलं. म्हणजे भाऊ कमी, लेकरूच जास्त. पुढं तो घनसावंगीकडं कालव्याच्या कामावर लागला, आणि तिथं त्याला रखमा भेटली. धनगराच्या घरातली पोर. मेंढरं पाजायला कालव्यावर यायची. तेविसाव्या वर्षी त्यानं तिच्याशी लग्न केलं. कुणाला विचारलं नाही, चर्चला सांगितलं नाही. एका देवळापुढं पाच माणसांत दोघांनी हार घातले. तिच्या माणसांनी तिला टाकली. आणि इकडं मीही तिच्यासाठी दार लावून घेतलं.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅथलिक माणसानं चर्चच्या परवानगीशिवाय असं बाहेर लग्न केलं, तर चर्च ते लग्न धरत नाही, आणि मिस्सेत त्याला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. त्या भाकरीच्या रूपात आम्ही साक्षात प्रभूला घेतो, म्हणून तिच्याजवळ जायचे नियम आहेत. अंतोनला हे पक्कं ठाऊक होतं. पण त्यानं चर्च सोडलं नाही, बघा. महिन्यातून एकदा एस्टीनं जालन्याला यायचा, अगदी मागच्या बाकावर बसायचा. सगळे प्रसादाला रांगेत उभे राहिले की हा एकटा हात जोडून जागेवर. मग माझ्या घरी भाकरी खाऊन परत जायचा. एकदा मुलाकडं पुण्याला महिनाभर राहून आला, तेव्हा माझी शेजारीण त्याला म्हणाली, “अहो, तिथं तुम्हाला कोण ओळखून राह्यलंय? जायचं की बिनधास्त रांगेत.” तर म्हणाला, “फादर ओळखत न्हाईत, वैनी. पन जो त्या भाकरीत हाय तो ओळखतो ना.”

मी त्याच्या घरी अडोतीस वर्षांत तीनदा गेले. पहिलं बाळंतपण, दुसरं बाळंतपण, आणि एकदा तो झाडावरून पडला तेव्हा. तिन्ही वेळा बाहेर लिंबाखाली बाजेवर बसले. रखमा तांब्या घेऊन यायची आणि मी म्हणायची, “तहान न्हाई गं.” उन्हातून दोन तास आलेल्या बाईला तहान नसते होय? पण मला वाटायचं, त्या घरचं पाणी घेतलं म्हणजे ते लग्न मान्य केल्यासारखं होईल. हा माझा धर्म होता. मनातून मला त्याचा अभिमान होता, आता लपवून काय करू.

तर गेल्या उन्हाळ्यात अंतोनचा फोन आला. आवाज बारीक झाल्ता. “आक्का, छातीतल्या तीन नळ्या बंद हायेत म्हणे. छाती उघडावं लागती. संभाजीनगरच्या दवाखान्यानं तारीख दिली.” तीन आठवड्यांवर तारीख होती. मग म्हणाला, “आक्का, उघडायच्या आदी एकदा प्रभूला घ्यावं वाटून राह्यलंय.”

लहानपणी त्याला भूक लागली की तो अशाच आवाजात सांगायचा. आणि मला कळेना की ह्याला काय सांगू. नियम तर माझ्या तोंडपाठ, आणि पुढ्यात माझं उपाशी लेकरू. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्याच धर्माची भीती वाटली. पण मी स्वतःला दटावलं. म्हटलं, रस्ता आहे की! दोघांनी चर्चमध्ये येऊन फादरांसमोर लग्न लावायचं. दहा मिनिटांचं काम. परधर्माच्या बायकोशी लग्नाला बिशपसाहेब परवानगी देतात, हे मला माहीत होतं. शनिवारी सकाळीच निघाले. अंबडपर्यंत बस, तिथून जीप, आणि घनसावंगीपासून पुढं दुसरी जीप. ऊस तुटून गेल्ता, रानं उघडी पडली होती, आणि जीपमध्ये ऊन मांडीवर येऊन बसलं होतं.

अंतोन ओसरीत बाजेवर पडून होता, उशीला टेकून. रखमानं तांब्या आणला. माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, “तहान न्हाई गं.” तिनं तांब्या कट्ट्यावर ठेवला, वर फुलपात्र झाकलं.

मी तिला माझा विचार सांगितला. ती ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सांगून झाल्यावर म्हणाली, “कुणाचं लग्न लावायचं म्हन्ता?”

“तुमचं दोघांचं.”

“माझं झालंय.”

“तसं न्हाई गं रखमा. चर्चच्या मतानं ते—”

“आक्का,” ती उठून उभी राहिली. “दोन लेकरं झाली. नातू शाळेत जाऊन राह्यला. आज मी नवरी म्हणून हुबी राह्यले, तर कालपत्तुर मी ह्याची कोन व्हते? माझी लेकरं मंग कुनाची? ह्याच्यापायी मी मायबाप सोडले. माझ्या भावानं मी जिती असताना माझं तेरावं घातलं, गाव जेवू घातलं. आन तुम्ही आता येऊन सांगता, ते लग्नच न्हाई?” तिचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. “ह्याच्यासाठी काळीज काढून देईन मी. पन माझ्या लेकरांच्या कपाळावर डाग लावून घेनार न्हाई. बिलकुल न्हाई.”

मी अंतोनकडं बघितलं. तो म्हणाला, “जाऊ दे, आक्का. मागं एका फादरनं मला सांगितल्तं, पश्चात्ताप कर, मंग बघू. कशाचा करू? हिला केल्याचा? तो येत न्हाई मला. खोटा पश्चात्ताप घेऊन त्याच्यापुढं कसा जाऊ?”

परत येताना जीपमध्ये मी जपमाळ ओढत होते, पण चित्त नव्हतं. रखमाचा राग आल्ता. अंतोनचा आल्ता. आणि मी प्रभूला सारखं म्हणत होते, ‘त्या बाईचं मन वळव, बाबा. तेवढं जल्दी वळव.’ मन वळवायची गरज भलत्याच बाईला आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता पुढचं जे आहे ते मी फक्त सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. आमचे नेहमीचे फादर पाठीच्या दुखण्यानं दीड महिना रजेवर गेल्ते, आणि त्याच शनिवारी संध्याकाळी त्यांच्या जागेवर एक म्हातारे फादर आले. कधी न बघितलेले, लांबच्या गावचे. ऐन उन्हाळ्यात घोट्यापर्यंत पांढरा झगा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. संध्याकाळची प्रार्थना अंगणात येरझाऱ्या घालत लॅटिनमध्ये म्हणायचे, पुस्तक न उघडता. रविवारी मिस्सेत त्यांनी प्रसादाची भाकरी वर उचलली तेव्हा हात खाली घ्यायचंच विसरले, आणि ते म्हातारपणामुळं नव्हतं हे मला बराबर कळलं. मी मनात म्हणाले, प्रभूनं माझ्या बाजूचा माणूस पाठवला. हे आता रखमाला सरळ करतील.

मिस्सा झाल्यावर व्हरांड्यात त्यांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले की काय. मी थांबले तर म्हणाले, “पुढं?” सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “नियम तुम्ही बरोबर सांगितलात.”

मला बरं वाटलं. “मग तुम्ही तिला समजावा ना, फादर.”

“तिला काय समजावणार? तीही बरोबरच बोलते आहे.”

“दोघी बरोबर कशा असू?”

“बाई, लग्न कोण लावतं?”

“फादर लावतात की.”

“चूक,” ते म्हणाले. “तुमच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातच आहे, नीट वाचलं नाहीत. नवरा-बायको एकमेकांना लग्न देतात. ते ‘हो’ म्हणतात, तेच लग्न. फादर साक्षीला असतो. तुमच्या भावाची साक्ष चुकली, परवानगी चुकली. पण ‘हो’ खोटं होतं का?”

मी नकाराची मान हलवली.

ते म्हणाले, “ते ‘हो’ खरं असेल, आणि अजून जिवंत असेल, तर चर्च मागं जाऊन त्याच्यावर हात ठेवू शकतं. पुन्हा लग्न नाही, पुन्हा शपथ नाही. जिथं चुकलं तिथं जाऊन, मुळापासून बरं करायचं. बिशपसाहेब सही करतात आणि ते लग्न पहिल्या दिवसापासून पूर्ण धरलं जातं. मधली सगळी वर्षंसुद्धा.” त्यांनी त्याचं लॅटिन नाव सांगितलं. मला ते आजही नीट म्हणता येत नाही.

“हे नवीन काढलंय का?” मी विचारलं. मला नवीन गोष्टींची शंका यायची ना.

ते पहिल्यांदा हसले. “तुम्ही आणि मी जेवढं जुनं मानतो, त्यातलं बरंचसं ह्याच्यापेक्षा नवीन आहे. शतकानुशतकं पुस्तकात आहे हे. वाचणारा पाहिजे.”

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, उन्हात उभी असून काटा आला. मी अडोतीस वर्षं ज्या नियमाच्या दारात पहारा देत उभी होते, त्याच नियमाच्या घरात आत एवढी मोठी खोली होती, आणि मी कधी आत डोकावलेच नव्हते. आणि ती दाखवली कुणी, तर माझ्याहून जुन्या चालीच्या माणसानं, ज्याला धर्मातला एक शब्द सैल केलेला खपत नाही.

मी निघाले तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुम्ही त्या घरी जेवलात काल?”

“न्हाई, फादर,” मी म्हणाले, आणि पुन्हा माझ्या आवाजात तो अभिमान आला. “अडोतीस वर्षांत पाणीसुद्धा घेतलं न्हाई.”

“हा नियम कुठला?” ते म्हणाले. “कुठल्या पुस्तकात आहे? मलाही वाचायचाय.”

सोमवारी दुपारी मी वेदीची कापडं घमेल्यात भिजवून बसले आणि माझे हात पाण्यातच राहिले. मला माझा आजा आठवला. त्या काळी आमच्या माणसांना गावात भांड्यानं पाणी देत नसत. तहान लागली की खाली बसायचं, ओंजळ धरायची, आणि वरून कुणी तरी ओतायचं, शिंतोडा अंगावर येऊ नये म्हणून लांबून. आजा सांगायचा, मिशनच्या फादरनं त्याला स्वतःच्या पेल्यातून पाणी दिलं, तेव्हा तो पेला हातात घेऊन तो रडत बसला, पाणी प्यायचं विसरला. त्या एका पेल्यापासून आमच्या घरात प्रभू आला. आणि त्याच आज्याच्या नातवाच्या घरी रखमा आली. आमच्या तांब्यातलं पाणी प्यायली, म्हणूनच तर तिच्या भावानं तिचं तेरावं घातलं. तिनं आमचं पाणी घेण्यासाठी सगळं सोडलं, आणि मी, त्या आज्याची नात, तिचं पाणी नाकारत राहिले. वर त्याला प्रभूचं नाव दिलं. हे मी कुठल्या धर्मातून शिकले होते? हे तर मी गावातून उचललं होतं, ज्यांनी माझ्या आज्याला लांबून पाणी ओतलं त्यांच्याकडून. माझ्या विश्वासात मी माझ्याच हातानं गाव कालवून ठेवलं होतं, आणि सगळं मिळून त्याला धर्म म्हणत होते.

फादरांनी बिशपसाहेबांना अर्ज लिहिला, आणि म्हणाले की दोघांना एकदा समोरासमोर भेटायला हवं. गुरुवारी आम्ही अंतोनच्या गावी गेलो. रखमा दारातच उभी होती, चेहरा आवळलेला. तिला वाटलं मी फादरला घेऊन लग्न लावायलाच आलेय. फादर बाजेवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “ताई, मी तुम्हाला लग्न करा म्हणायला आलो नाही. ते झालेलं आहे. मला फक्त एक विचारायचंय, दोघांना वेगवेगळं. तुम्हाला ह्यांच्यासोबतच राहायचंय ना अजून? मरेपर्यंत?”

रखमा बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावला; मला वाटलं रडते, तर ती हसत होती. “हे काय इचारनं झालं, बाबा? आता कुटं जाऊ? आन मी सोडला तर ह्याला कोन घेऊन राह्यलंय?”

आतून अंतोन ओरडला, “मला ऐकू येऊन राह्यलंय!”

“मंग ऐका,” ती म्हणाली, आणि मग फादरांकडं वळून अगदी हळू, “ऱ्हायचंय, बाबा. त्याच्याच संगं.”

फादर आत जाऊन अंतोनजवळ बसले. बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, “लग्नाचा पश्चात्ताप त्याला करायचाच नाहीये. न विचारता केलं, तेवढ्याबद्दल माफी. ती तर त्यानं मला सांगायच्या आधीच मागितलेली आहे, किती वर्षं झाली.”

रखमानं फादरांसाठी तांब्या-फुलपात्र आणलं. माझ्यासाठी आणलं नाही. तिचा काही दोष नाही; माझी सवय तिला ठाऊक होती, उगाच कशाला विचारायचं. सगळ्या जगाला शिकवणारी माझी जीभ वळेना. शेवटी म्हणाले, “रखमा, मला पाणी दे.”

ती थबकली. “तहान लागली, आक्का?”

“लागली. लई वर्षांची हाय.”

“मंग इतके वर्षं कशाला वाळत बसल्या?” म्हणाली आणि आत गेली. तांब्या घासत असल्याचा आवाज बराच वेळ येत होता. घासलेलाच तांब्या ती पुन्हा घासत होती. मी पाणी प्यायले. दोन फुलपात्रं प्यायले, आणि मग तिचा हात धरून जे मागायचं होतं ते मागितलं. ती म्हणाली, “जाऊ द्या हो, भाकर खाऊन जावा आता.” खाल्ली. पिठलं होतं. तिच्या हाताला चव आहे, हे मला अडोतीस वर्षांनी कळलं.

बिशपसाहेबांच्या सहीचा कागद दीड-दोन आठवड्यांनी, मंगळवारी आला. दोनच दिवसांनी, गुरुवारी ऑपरेशन होतं. मंगळवारी संध्याकाळी दोघं माझ्या घरी मुक्कामाला आले, आणि रखमानं पहिल्यांदा माझा उंबरठा ओलांडला. फादरांनी आपल्या खोलीत दोघांना समोर बसवून कागद वाचला. काही फुलं नाहीत, बँड नाही, अंगठी नाही; एक साधा शिक्क्याचा कागद. वाचून झाल्यावर रखमानं विचारलं, “म्हंजी कवापासून धरलं म्हन्ता, बाबा?”

“ज्या दिवशी दोघांनी हार घालून एकमेकांना हो म्हटलंत, त्या दिवसापासून.”

“हो तर आमी त्याच्या आदीच म्हन्ल्तं,” ती म्हणाली. “कालव्यावर. मेंढरं पाजताना.” अंतोन मान खाली घालून हसला, साठी उलटलेला माणूस, कान लाल झाले.

बुधवारी सकाळची मिस्सा. रोजची आम्ही आठ-दहाच माणसं असतो. अंतोन पुढच्या बाकावर बसायला तयार होईना. आपल्या नेहमीच्या जागी, मागंच बसला. प्रसादाची वेळ आली. तो उठला. दम लागत होता, दर दोन बाकांना थांबून हात टेकत होता. मी पुढं गुडघ्यावर होते, माझा प्रसाद घेऊन झाला होता; मागं वळून बघू नये ही माझी आयुष्यभराची शिस्त, पण मी वळले. फादर वेदीच्या पायरीवर वाट बघत उभे होते. त्यांनी घाई केली नाही, की चार पावलं पुढं येऊन त्याचे कष्टही कमी केले नाहीत. ती वाट त्याची होती, त्याला पूर्ण चालू दिली. अंतोननं डोळे मिटले, जीभ पुढं केली, सहा-सात वर्षांचा असताना शिकवली होती अगदी तशी.

त्या घडीला मला जे वाटलं ते मी कितीदा सांगायचा प्रयत्न केला, जमत नाही. आपण समजतो, गेलेला काळ गेला. तो आता कुणाच्या हातात नाही, देवाच्याही नाही. त्या सकाळी मला दिसलं की तो देवाच्या हातात आहे. अडोतीस वर्षांची प्रत्येक मिस्सा, जिथं माझा भाऊ हात जोडून उपाशी बसला, ती वाया गेली नव्हती. त्या उपाशी बसण्यात नियम होता, आणि प्रेमही होतं, दोन्ही एकमेकांत विणलेलं. नियम सैल केला असता तर तो कधीच जेवला असता, पण एवढी भूक त्याला कुठून कळली असती? आणि नुसता नियमच असता, तर ही पायरी त्याला दिसलीच नसती. मी कपाळ बाकाला टेकवलं आणि रडले.

ऑपरेशन चांगलं झालं. अंतोन आता कालव्यापर्यंत चालत जातो. पण हे मी शेवटी सांगतेय, कारण तो टेबलावरच गेला असता तरी मी हे सारं असंच लिहिलं असतं. म्हातारे फादर दीड महिना संपल्यावर एका पिशवीत सामान घालून गेले. जाताना मी आभार मानले तर म्हणाले, “मी काय केलं? पुस्तकात होतं ते वाचून दाखवलं.” ते कुठून आले आणि नेमके त्याच शनिवारी का आले, हे मी कुणाला विचारलं नाही. मला ते ठाऊक आहे.

मी काही बदलले नाही, असं गल्लीतले म्हणतात. अजून मी गुडघ्यावरच प्रसाद घेते, अजून उपास तसाच, शुक्रवार तसाच. प्रभूनं आणि चर्चनं सांगितलेलं मी काहीच टाकलं नाही. टाकलं ते फक्त माझ्या पदरचं. पण ते निवडायला मला उभा जन्म लागला, आणि ते मी निवडलं नाही, माझ्याकडून काढून घेतलं गेलं. मी मागितलं होतं की रखमाचं मन वळव. त्यानं मला जे दिलं ते मी मागितलंच नव्हतं. म्हणून आता मी मागताना पुढचं त्याच्यावर सोडते. एवढंच शिकले.

रखमा अजून तिचे देव पूजते. तिला कुणी काही बदलायला सांगितलं नाही. पण अंतोन एकट्यानं प्रवास करू नये म्हणून ती महिन्यातून एकदा त्याच्यासोबत येते, आणि मिस्सेत आम्हा दोघांच्या मधे बसते. मी उठले की उठते, मी बसले की बसते. प्रसादाची वेळ झाली की मला कोपरानं ढोसते, आणि अंतोनला बाहेर पडायला जागा व्हावी म्हणून पदर आवरून दोन्ही गुडघे एका बाजूला घेते. “जावा,” म्हणते त्याला हळूच, “जल्दी जावा, तो वाट बघून राह्यला.”